'आर्मी ऑफ इंडिया' पदक: इंग्रज-मराठा युद्धांच्या मोहीम पदकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पदक नेमकं कोणतं?

ईस्ट इंडिया कंपनीने 1851 मध्ये मंजूर केलेलं चांदीचं मोहीम पदक. 1803 ते 1826 या काळात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात कंपनीच्या किंवा ब्रिटिश राजाच्या झेंड्याखाली ठराविक लढायांत जे हजर होते, त्यांच्यासाठी ते काढलं. दुसरं आणि तिसरं इंग्रज-मराठा युद्ध, नेपाळ युद्ध, पहिलं ब्रह्मी युद्ध आणि 1826 चा भरतपूरचा वेढा एवढं सगळं या एकाच पदकात कोंबलेलं आहे.

मराठी माणसाने त्याच्याकडे जरा थांबून पाहावं याचं कारण त्याच्या फितीवर चढवलेल्या पट्ट्यांत आहे. अशा एकूण 21 पट्ट्या मंजूर झाल्या आणि त्यांतल्या 18 मराठी सत्तांशी झालेल्या लढायांच्या आहेत: शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पेशवे. मराठेशाहीचा अखेरचा अध्याय जिंकणाऱ्याच्या नजरेतून चांदीत ओतलेला पाहायचा असेल, तर तो इथे आहे.

हे शौर्यपदक आहे का?

नाही. त्या लढाईत तुम्ही हजर होता, एवढंच मोहीम पदक सांगतं. आघाडीवर तलवार चालवणारा आणि मागे तोफेचे बैल सांभाळणारा गोलंदाज, दोघांनाही तेच पदक. शौर्यासाठी कंपनीने देशी शिपायांकरता 1837 मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा वेगळा सन्मान सुरू केला होता. 'आमच्या पणजोबांना पराक्रमाबद्दल मिळालेलं मेडल' म्हणून घरोघरी जपलेली बरीच पदकं प्रत्यक्षात मोहिमेची असतात. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त दोन्ही गोष्टी एक नाहीत.

लढाया 1803 च्या आणि पदक 1851 चं. एवढा उशीर का?

त्या काळी सरसकट सगळ्या सैनिकांना मोहिमेचं पदक देण्याची ब्रिटिश पद्धतच नव्हती. मोठ्या सेनापतींना सोन्याची पदकं मिळत, पलटणीला झेंड्यावर लढाईचं नाव मिरवायला मिळे आणि साध्या शिपायाची बोळवण लुटीतल्या वाट्यावर होई. 1847 मध्ये लंडनच्या सरकारने नेपोलियनविरुद्धच्या युद्धांसाठी 'मिलिटरी जनरल सर्व्हिस' पदक जाहीर केलं आणि स्पेन-पोर्तुगालात लढलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीवर ते झळकू लागलं. मग हिंदुस्थानात लढलेल्यांनी काय पाप केलं होतं, हा प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर म्हणून मार्च 1851 मध्ये हे पदक मंजूर झालं. मान्यता राणीची, खर्च कंपनीचा.

आता खरी मेख. पदक मिळणार होतं ते फक्त हयात असलेल्यांना. असईच्या लढाईत वीस वर्षांचा असलेला शिपाई 1851 मध्ये अडुसष्टचा झाला होता. खडकी-कोरेगावचा विशीतला पोरगा त्रेपन्न-चौपन्नचा. तिथवर जगलेले किती आणि त्यांतही बातमी कानावर येऊन हक्क सांगायला पुढे आलेले किती?

सेनापतींचीही तीच गत झाली. दिल्ली, लासवाडी जिंकणारा लॉर्ड लेक 1808 मध्येच वारला होता. कोरेगावच्या तुकडीचा कप्तान फ्रान्सिस स्टाँटन 1825 मध्ये गेला. महिदपुरात पुढे होऊन लढलेला जॉन माल्कम 1833 मध्ये. त्यांच्या हाताखालच्या एखाद्या चिवट ढोलक्याला पदक मिळालं आणि त्यांना नाही. मृतांच्या वारसांना मागण्याची सोयच नव्हती. म्हणून मला हे पदक लढाईपेक्षा दीर्घायुष्याचं वाटतं, आणि ते मी सगळं चेष्टेत म्हणत नाही.

पदक दिसायला कसं आहे?

गोल, चांदीचं, 36 मिलिमीटर व्यासाचं. हुद्दा कोणताही असो, धातू एकच. ही बारीकशी वाटणारी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण कंपनीच्या आधीच्या पदकांत तसं नव्हतं (त्याबद्दल पुढे येईल).

दर्शनी बाजूवर राणी व्हिक्टोरियाचा डावीकडे पाहणारा मुखवटा, केसांवर मुकुटपट्टी आणि कडेने 'व्हिक्टोरिया रेजिना' ही अक्षरं. मागच्या बाजूला ताडमाडासारख्या झाडाशेजारी बसलेली विजयदेवता. तिच्या एका हातात पुष्पचक्र, दुसऱ्या हातात लॉरेलची डहाळी. वर अर्धवर्तुळात इंग्रजीत 'टू द आर्मी ऑफ इंडिया', म्हणजे 'हिंदुस्थानच्या सैन्यास', आणि खाली आडव्या रेघेच्या तळाशी '1799-1826'.

वर नक्षीदार वळणांची दांडी, तिच्यातून जाणारी 32 मिलिमीटर रुंद फिकट निळी फीत आणि फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या. काठावर मिळवणाऱ्याचं नाव आणि पलटण. काही पदकांवर हे नाव ठसे मारून उठवलेलं असतं, काहींवर हाताने कोरलेलं.

विजयदेवता, लॉरेल, पुष्पचक्र ही सगळी रोमन परंपरेची भाषा. हिंदुस्थान दाखवायला एक ताड पुरला! असईच्या माळावर किंवा गाविलगडाच्या कड्यावर जाऊन आलेल्या कुणालाही हे चित्र तिथलं वाटणार नाही. लंडनमध्ये बसून 'पूर्वेकडचा देश' म्हणून जे डोळ्यांसमोर येई, ते हे झाड.

राणी व्हिक्टोरियाच का? तेव्हा राजा दुसरा होता ना?

होय. या लढायांच्या वेळी गादीवर तिसरा जॉर्ज होता. ब्रह्मी युद्ध आणि भरतपूर हे चौथ्या जॉर्जच्या काळातले. व्हिक्टोरियाचा जन्म 24 मे 1819 चा. म्हणजे पदकावरची मराठ्यांविरुद्धची शेवटची लढाई, 1 जानेवारी 1818 ची कोरेगावची, झाली तेव्हा ती जन्मलीही नव्हती. पण पदकावर छाप असते ती ते देणाऱ्या राज्यकर्त्याची. लढाईच्या वेळच्या राज्यकर्त्याचा तिथे संबंध नसतो. त्यामुळे जुनं पदक हातात आलं की दोन सालं मनाशी वेगळी धरावीत: घटनेचं साल आणि निर्णयाचं साल. इथे पहिलं साल घोड्यावर बसलेल्या पेशव्यांच्या सेनापतीचं, बापू गोखल्यांचं आहे आणि दुसरं, मुंबई-ठाणे रेल्वेचं काम सुरू होतं तेव्हाचं.

रचना कोणाची?

लंडनच्या शाही टांकसाळीचा मुख्य शिल्पी विल्यम वायन याची. तोही 1851 च्या ऑक्टोबरात वारला, त्यामुळे त्याच्या अखेरच्या कामांत हे पदक मोडतं.

जुनी नाणी जमवणाऱ्यांना वायन परका नाही. कंपनीच्या 1840 सालच्या रुपयावरचा राणीचा बिनमुकुटाचा मुखवटा त्याचाच. मानेच्या कापलेल्या कडेवर भिंग धरलं तर 'डब्ल्यू. डब्ल्यू.' ही बारीक अक्षरं दिसतात. तो रुपया आणि हे पदक शेजारी ठेवून बघा: गालाची गोलाई, मानेचा बाक, मागे बांधलेला अंबाडा, एकाच हाताचं काम कळतं. 1851 मध्ये राणी बत्तीस वर्षांची होती, पण पदकावरची मुलगी विशीतलीच आहे.

फितीवरच्या पट्ट्या म्हणजे काय?

त्यांना क्लास्प किंवा बार म्हणतात. एकेका लढाईसाठी एकेक आडवी चांदीची पट्टी आणि तिच्यावर लढाईचं नाव. हे पदक क्लास्पशिवाय दिलंच गेलं नाही. एकाच माणसाला मिळालेले सर्वांत जास्त क्लास्प सात.

काळाच्या क्रमाने पाहायचं तर सुरुवात 4 सप्टेंबर 1803 च्या अलीगडापासून होते. मग दिल्लीची लढाई, असई, असीरगड, लासवाडी, अडगाव, गाविलगड. हे सात शिंदे-भोसल्यांविरुद्धचे आणि सगळे अवघ्या साडेतीन महिन्यांतले. 1804 चे तीन होळकरांशी झालेल्या युद्धातले: दिल्लीचा बचाव, डीगची लढाई आणि डीगचा किल्ला घेणं. मध्ये नेपाळ. मग 1817-18 चे आठ: खडकी, पुणे, 'खडकी आणि पुणे', सीताबर्डी, नागपूर, 'सीताबर्डी आणि नागपूर', महिदपूर, कोरेगाव. शेवटी ब्रह्मदेशासाठी 'आवा' आणि भरतपूर.

'खडकी आणि पुणे' अशी जोड-पट्टी पाहून पुष्कळजण गोंधळतात. दोन्ही ठिकाणी हजर असलेल्याला दोन पट्ट्या न देता एकच एकत्र पट्टी दिली, इतकंच. नागपूरचंही तसंच.

यांतल्या कोणत्या जागा आज महाराष्ट्रात आहेत?

आठ. असई जालना जिल्ह्यात. अडगाव अकोल्यात. गाविलगड चिखलदऱ्याला, अमरावती जिल्ह्यात. खडकी, पुणे आणि कोरेगाव पुणे जिल्ह्यात, सीताबर्डी आणि नागपूर एकाच शहरात. यांतल्या तीन लढायांबद्दल थोडं जास्त सांगतो.

असई, 23 सप्टेंबर 1803. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज उतरली होती. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा मारा इतका कडक होता, की आर्थर वेलस्लीच्या छोट्या सैन्यातले 1,584 जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. लढाई त्याने जिंकली, पण तोफांशी मराठे गोलंदाज अखेरपर्यंत चिकटून राहिल्याच्या आठवणी इंग्रजांनीच लिहून ठेवल्या. या लढाईबद्दल काही पलटणींना गव्हर्नर जनरलने मानाचे जादा झेंडे दिले आणि हत्तीचं चिन्ह मिळालं. म्हणजे पलटणींचा मान लगोलग झाला; माणसांच्या मानाला अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

खडकी, 5 नोव्हेंबर 1817. पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील म्हणजे रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे निघून गेला आणि पेशव्यांच्या फौजेने ती रेसिडेन्सी जाळली. बापू गोखल्यांच्या घोडदळाने चाल केली, तिच्यात पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित पडले. कंपनीच्या बाजूने लेफ्टनंट कर्नल बर होता. पुढच्या दहा-बारा दिवसांत जनरल स्मिथ आला, येरवड्याच्या बाजूला चकमक झाली आणि 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलं. पदकावरचं 'पुणे' हे 11 ते 16 नोव्हेंबरच्या या हालचालींसाठी आहे. शहरात गल्लोगल्ली लढाई झाली असं समजू नये.

सीताबर्डी, 26 आणि 27 नोव्हेंबर 1817. आप्पासाहेब भोसल्यांची फौज, त्यात कडवे अरब, आणि समोर टेकडीवर कर्नल स्कॉटची छोटी तुकडी, जवळजवळ सगळी देशी शिपायांची. बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडेस्वारांसह केलेल्या हल्ल्याने पारडं फिरलं. आज त्या टेकडीच्या पायथ्याशी मेट्रो धावते.

कोणत्या लढायांना क्लास्प नाही?

माझ्या मते या पदकावरचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच. क्लास्पची यादी म्हणजे इतिहास असं धरून चाललं, तर मोठी फसगत होते.

यशवंतराव होळकरांनी 1804 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या सैन्याला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत पळवत नेलं. तोफा गेल्या, सामान गेलं, पलटणी विस्कटल्या. पदकावर त्याचा मागमूस नाही. लेकने 1805 च्या जानेवारी-फेब्रुवारीत भरतपूरवर चारदा हल्ला चढवला, चारही वेळा मार खाल्ला आणि तीन हजारांवर माणसं गमावली. पदकावर भरतपूर आहे, पण ते 1826 चं, किल्ला पडला तेव्हाचं. पट्टीवर साल नसल्यामुळे नवख्या माणसाला वाटतं भरतपूर म्हणजे लेकचं भरतपूर. दिल्लीच्या बचावाला क्लास्प आहे, कारण तो बचाव यशस्वी झाला. थोडक्यात, मार खाल्लेल्या ठिकाणी हजर राहून कुणाला काही मिळालं नाही, मग तिथे त्याने कितीही हिंमत दाखवली असो.

पण जिंकलेल्या सगळ्या ठिकाणांनाही मान नाही. ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, पट्टी नाही. फेब्रुवारी 1818 ची आष्टीची लढाई, जिच्यात बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, ती तर पेशवाईच्या दृष्टीने निर्णायक होती. तिलाही पट्टी नाही. सिंहगड, रायगड अशा किल्ल्यांच्या वेढ्यांचा उल्लेख नाही. असीरगड यादीत आहे, पण 1803 चा. 1819 मध्ये तोच किल्ला पुन्हा घ्यावा लागला, तो नाही.

म्हणजे यादी करणाऱ्यांनी 1851 मध्ये कागदावर निवड केली. कोणती लढाई मोठी आणि कोणती किरकोळ हे ठरवलं ते त्यांनी. आपली पाठ्यपुस्तकं कळत-नकळत पुष्कळदा त्याच निवडीवरून चालतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

कोरेगावच्या क्लास्पबद्दल एवढी चर्चा का?

दोन कारणं. एक तर तो अत्यंत दुर्मीळ आहे. 1 जानेवारी 1818 ला भीमेकाठी लढलेली तुकडीच जेमतेम आठशेची: मुंबई देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, पुण्याचे सहायक घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. शिरूरहून पुण्याकडे येताना त्यांची गाठ बाजीरावाच्या कितीतरी पट मोठ्या फौजेशी पडली. दिवसभर गावात लढाई चालली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली, कारण जनरल स्मिथ जवळ येत होता. त्या आठशेंपैकी पडलेले वजा करा, तेहतीस वर्षांत वारलेले वजा करा; उरतील ते थोडेच.

दुसरं कारण सामाजिक. या बटालियनमध्ये महार शिपायांची संख्या लक्षणीय होती; मराठे, मुसलमान आणि इतर जातींचेही शिपाई होते. कोरेगावच्या विजयस्तंभावर पडलेल्यांची नावं आहेत आणि त्यांतली बरीच 'नाक' या महारांच्या नावांतल्या प्रत्ययाने संपतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तिथे गेले आणि तो स्तंभ दलित स्वाभिमानाच्या इतिहासाचा भाग झाला.

पदक आणि स्तंभ यांतला फरक ध्यानात घ्या. स्तंभ उभारला लढाईनंतर थोड्याच वर्षांत आणि तो मुख्यतः जीव गमावलेल्यांचा आहे. पदक आलं तीन दशकांनी आणि ते फक्त जिवंत राहिलेल्यांचं. पडलेल्या शिपायाचं नाव शोधायचं तर दगडावर शोधा. पदकाच्या काठावर ते सापडणार नाही, आणि 'कोरेगावात धारातीर्थी पडलेल्या अमक्याचं पदक' म्हणून कुणी काही विकायला आणलं तर तिथेच हात जोडा.

देशी शिपायांना पदक मिळालं का?

हक्क होता. राजाच्या गोऱ्या पलटणी, कंपनीच्या गोऱ्या आणि देशी पलटणी, ब्रह्मी युद्धातल्या शाही नौदलाच्या जहाजांवरची माणसं, सगळे पात्र होते. पण पात्र असणं आणि पदक हाती पडणं यात अंतर होतं. निवृत्त शिपाई कोकणातल्या किंवा अवधमधल्या आपल्या गावी परतलेला. हुकूम निघाला छावणीत. पुरावा द्यायचा तीस-चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या हजेरीचा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांशी सरकारचा संबंध टिकून होता, त्यांना वाट सोपी; बाकीच्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

या लढायांत कंपनीचं बहुतांश सैन्य देशी होतं, पण आज बाजारात आणि संग्रहालयांत दिसणाऱ्या पदकांत गोऱ्या नावांचं प्रमाण त्या हिशेबात फारच जास्त दिसतं. देशी नाव कोरलेलं पदक म्हणूनच इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचं.

1799 हे साल का? पहिली लढाई तर 1803 ची आहे.

1799 हे श्रीरंगपट्टण पडल्याचं आणि टिपू सुलतान मारला गेल्याचं साल. पण त्या लढाईला या पदकावर क्लास्प नाही. तिच्यासाठी कंपनीने वेगळं पदक आधीच काढलं होतं. त्यामुळे मागच्या बाजूवरचं साल पाहून 'हे टिपूच्या लढाईचं' असं म्हणू नये. क्लास्प वाचावा, तोच खरा पुरावा.

संग्राहक मात्र या सालांमधल्या छोट्या आडव्या रेघेकडे डोळे बारीक करून पाहतात. काही पदकांवर ती आखूड आहे, काहींवर लांब, कारण दोन वेगळे ठसे वापरले गेले.

कंपनीने याआधी पदकं दिली होती का?

हो, आणि पहिल्यांपैकी एक आपल्याच मुलखाशी जोडलेलं आहे. 1784 मध्ये कलकत्त्याला 'डेक्कन मेडल' पाडलं गेलं. जनरल गॉडर्डबरोबर बंगालमधून निघून थेट गुजरात-कोकणापर्यंत आलेल्या आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात लढलेल्या देशी फौजेला, तसंच कर्नाटकात लढलेल्यांना ते दिलं. हुद्द्याप्रमाणे सोन्याचं किंवा चांदीचं. एका बाजूला शस्त्रांच्या ढिगावर बसलेली ब्रिटानिया किल्ल्याच्या दिशेने पुष्पचक्र धरते आहे, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. दोरीत ओवून ते गळ्यात घालायचे. देणाऱ्यांना घेणाऱ्याची भाषा ठाऊक होती, हे त्या फारसीतून दिसतं. 1851 च्या पदकावर इंग्रजी आणि लॅटिनखेरीज अक्षर नाही.

श्रीरंगपट्टणचं पदक त्याहून नाट्यमय: इंग्रज सिंह टिपूच्या वाघाला लोळवतो आहे. ते सोनं, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, चांदी, कांसं आणि कथील अशा पाच प्रकारांत निघालं. साहेबाला सोनं, शिपायाला कथील. म्हणून वर म्हटलं, सगळ्यांना एकाच चांदीचं पदक ही 1851 ची गोष्ट लहान नव्हती.

मराठ्यांकडे अशी पदकं होती का?

छातीवर लावायचं पदक ही आपली रीत नव्हती. पराक्रम केला की सोन्याचं कडं, पोशाख, तलवार, घोडा, मोठ्या सरदाराला हत्ती किंवा चौघड्याचा मान. आणि टिकाऊ बक्षीस म्हणजे जमीन, इनाम, वतन. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक करून दिल्याच्या नोंदी पेशवे दप्तरात आहेत.

दोन पद्धतींत चांगली कोणती हे सांगत बसत नाही, पण एक फरक डोळ्यांत भरतो. बालपरवेशी मेलेल्याच्या घराला मिळे. आर्मी ऑफ इंडिया पदक मेलेल्याच्या घराला मिळतच नसे.

सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत सहज मिळणारा क्लास्प कोणता?

सहज दिसणारा 'आवा'. ब्रह्मी युद्ध सर्वांत अलीकडचं, फौज मोठी, शिवाय नौदलही. त्यामुळे जिवंत हक्कदार पुष्कळ. त्याखालोखाल नेपाळ आणि भरतपूर बऱ्यापैकी दिसतात. दुर्मीळ म्हणजे कोरेगाव, आणि नुसती 'खडकी'ची सुटी पट्टी, कारण खडकीला लढलेले बहुतेकजण पुढे पुण्याच्या कारवाईतही होते. सीताबर्डीवर गोरे मूठभर होते, तिथली पट्टीही क्वचितच हाती लागते. किंमतीतला फरक याच क्रमाने वाढत जातो आणि बनावट मालही नेमका तिथेच निघतो.

खरं-खोटं कसं ओळखावं?

काठ आधी पाहा, मुखवटा नंतर. मूळ नाव घासून दुसरं टाकलेलं असेल तर पदक बोटांत फिरवताना काठ एखाद्या ठिकाणी किंचित खोल लागतो आणि व्यासही थोडा कमी भरतो. अक्षरं ठशांची असतील तर त्यांची खोली आणि उंची सारखी हवी. मग नाव आणि क्लास्प जुळतात का ते तपासा: ज्या पलटणीचं नाव काठावर आहे, ती त्या लढाईत होती का? मद्रासच्या पलटणीचा माणूस अलीगडच्या पट्टीसह दिसला, तर प्रश्न विचारायलाच हवा. साधं 'आवा'चं पदक घेऊन त्यावर महागडी पट्टी चढवणं हा जुना धंदा आहे, म्हणून पट्ट्यांचे रिव्हेट आणि त्यांच्या चांदीची झीज मुख्य पदकाशी मिळतीजुळती आहे का हेही बघावं.

शेवटची कसोटी नामावलीची. पदक मिळालेल्यांच्या याद्या लंडनला आहेत: कंपनीच्या माणसांच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात, राजाच्या पलटणींच्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. आपल्याकडची नावं इंग्रज कारकुनाने कानाला लागली तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे एकच नाव चार प्रकारे शोधायची तयारी ठेवा.

घरात असं पदक सापडलं तर?

घासू नका. चिंच, राख, भांड्याची पावडर, चांदी उजळायचं द्रव, काहीही नको. काठावरची बारीक अक्षरं झिजली की पदकाची ओळख गेली. जुनी फीत विरली असली तरी टाकून न देता वेगळ्या पाकिटात जपा. दोन्ही बाजूंचे, काठाचे आणि पट्ट्यांच्या मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवा.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. परदेशातल्या लिलावात लाखोंचा भाव पाहून कुणी पार्सल करायचा सल्ला दिला, तर ऐकू नका.

स्वतंत्र भारतात ही पद्धत चालू राहिली का?

पदक आणि त्यावर क्लास्प ही रचना राहिली. 1947 पासूनच्या 'जनरल सर्व्हिस मेडल'ला जम्मू-काश्मीरचा क्लास्प मिळाला, पुढे 1961 च्या गोव्याचाही. व्यास तोच, 36 मिलिमीटर. धातू मात्र चांदीऐवजी तांबे-निकेल. दर्शनी बाजूवर राणीच्या जागी अणी वर केलेली नंगी तलवार आली आणि अधिकृत वर्णनात तिला 'भवानी' म्हटलेलं आहे. 1971 नंतर 'पूर्वी स्टार', 'पश्चिमी स्टार' आणि कारगिलनंतर 'ऑपरेशन विजय स्टार' अशी आघाडी किंवा मोहीमवार वेगळी पदकं निघाली. ती निघायला अठ्ठेचाळीस वर्षं लागली नाहीत.